शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात एक साधा आकडा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास अध्यापन. भागाकार केला तर दिवसाचे चार तास होतात. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास, म्हणजे दिवसाचे साधारण साडेचार तास. वर्षाचे एकूण तास असतात ८,७६०. त्यातले ८०० म्हणजे दहावा हिस्साही नाही.

शाळेत काय शिकवतात, कसे शिकवतात, मराठीतून की इंग्रजीतून, यावर आपण वर्षानुवर्षे हिरिरीने भांडतो. पण शाळेची घंटा झाल्यापासून आई किंवा बाबा घरी येईपर्यंत मूल कुठे असते, काय खाते, कुणासोबत असते, हा प्रश्न मात्र 'ज्याचे त्याने बघावे' या खात्यावर टाकलेला असतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत ते निभावून नेतात. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते पाळणाघर, शिकवणी, कराटे आणि चित्रकलेचे क्लास यांची साखळी जोडतात. धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, कारखान्यात पाळी करणारी आई शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवते, नाहीतर थोरल्या मुलीला सांगते, 'धाकट्याकडे लक्ष दे.' शहरांत अनेक शाळा दोन सत्रांत भरतात, त्यामुळे कुणाचा हा रिकामा वेळ दुपारी असतो, कुणाचा सकाळी. वेळ वेगळी असली तरी घर रिकामेच असते.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे कुणाला वाटेल. कारण असे की, मुलांचे वजन, दृष्टी, झोप, व्यसनाची पहिली चव, अभ्यासातली गती आणि आईची कमाई या सगळ्यांचे धागे या तीन-चार तासांत येऊन मिळतात. आणि या तासांवर सरकारी पैसा खर्च केला तर काय होते, काय होत नाही, याचा बराच पुरावा आता जगाकडे आणि थोडाफार आपल्याकडेही जमा झालेला आहे.

सहाव्या वाढदिवसाची रेघ

आपल्याकडे लहान मुलांसाठी सार्वजनिक व्यवस्था अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी गावोगाव पोहोचली. ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ नुसार तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर आवश्यक होते, तेही सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच.

म्हणजे सहाव्या वाढदिवसाला सरकारी कागदावर एक रेघ ओढली जाते. मूल शाळेत जाऊ लागले, आता त्याला सांभाळण्याची गरज उरली नाही, असे गृहीत धरलेले असते. पण सात वर्षांचे मूल गॅस पेटवू शकत नाही आणि त्याने पेटवूही नये. आठ वर्षांच्या मुलाने विहिरीवर, खदानीवर, नाल्याकाठी एकट्याने जाऊ नये. दहा वर्षांच्या मुलीने चार वर्षांच्या भावाची आई होऊ नये. या वयातल्या मुलांना शाळेबाहेरच्या वेळेत सुरक्षित जागा मिळावी, असा कायद्याने दिलेला हक्क आपल्याकडे नाही.

इतर काही देशांनी ही रेघ पुढे सरकवली आहे. जपानने १९९७ मध्ये बालकल्याण कायद्यात दुरुस्ती करून शाळेनंतरच्या बालसंगोपन मंडळांना कायदेशीर स्थान दिले. स्वीडनमध्ये शाळेला जोडून चालणारी फुरसत-केंद्रे शिक्षणव्यवस्थेचाच भाग आहेत. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिवसभराच्या संगोपनाचा हक्क देऊ केला. तो ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या वर्गाला आणि मग दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत चौथीपर्यंत लागू होईल, अशी त्यातली तरतूद आहे. त्या समाजांना कुटुंब नको झाले आहे, असा याचा अर्थ नाही. दोघेही पालक कामावर जातात हे वास्तव त्यांनी कागदावर उतरवले, एवढेच.

पोट, पाय आणि डोळे

आधी शरीराचे पाहू. शाळेतल्या पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. हे जेवण साधारण दुपारच्या सुट्टीत होते. त्यानंतर रात्रीचे जेवण आई कामावरून आल्यावर, कधी नऊला. मधल्या सात-आठ तासांत वाढत्या वयाच्या मुलाला भूक लागणारच. हातात दहा रुपये असले की ती भूक टपरीवरच्या कुरकुरीत पाकिटावर भागते. एक उकडलेले अंडे, मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू यांतले काहीही त्या पाकिटापेक्षा चांगले. पण ते देणारे कुणीतरी त्या वेळी तिथे असावे लागते.

दुसरी गोष्ट हालचालीची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल सुचवते. एका खोलीत कडी लावून बसवलेल्या मुलाला हे जमणार कसे? त्याच्याजवळ मोबाइल असतो आणि मोबाइल त्याला जागेवरून हलू देत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात ते नऊ वर्षांच्या २२१ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज दोन तासांचा खेळ-व्यायामाचा उपक्रम दिला, दुसऱ्या गटाला तूर्त थांबायला सांगितले. पहिल्या गटातल्या मुलांची तंदुरुस्ती सुधारली, हे अपेक्षितच होते. पण लक्ष विचलित होऊ न देणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे पटकन वळणे या मेंदूच्या क्षमताही वाढल्या. जी मुले नेमाने आली, त्यांना लाभ जास्त झाला.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. लहान वयात चष्मा लागणाऱ्या मुलांची संख्या जगभर वाढते आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांत एक मोठा प्रयोग झाला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवसाच्या शेवटी रोज ४० मिनिटे जादा वेळ मोकळ्या उजेडात घालवायला लावला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांमध्ये नव्याने लघुदृष्टी आढळली, तर नेहमीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, यंत्र नाही, फक्त उजेड. एवढ्या स्वस्तात एवढा परिणाम देणारे उपाय बालआरोग्यात फार थोडे आहेत.

एकटेपणाची जोखीम

आता थोड्या मोठ्या मुलांकडे वळू. १९८९ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो भागांतल्या आठवीच्या सुमारे पाच हजार मुलामुलींची पाहणी त्यात होती. आठवड्याला ११ किंवा त्याहून जास्त तास स्वतःच स्वतःला सांभाळणाऱ्या मुलांमध्ये दारू, तंबाखू आणि गांजा यांच्या वापराची जोखीम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली असलेल्या मुलांपेक्षा सुमारे दुप्पट होती. आईवडील दोघे आहेत की एक, घरची स्थिती कशी आहे, हे लक्षात घेतल्यावरही हा फरक टिकून राहिला. अशा पाहणीतून 'यामुळेच ते झाले' असे ठामपणे म्हणता येत नाही. पण दिशा कळते. अमेरिकेतील गुन्ह्यांच्या नोंदीही तीच दिशा दाखवतात. तिथे अल्पवयीनांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे शाळेच्या दिवशी रात्री नव्हे, तर शाळा सुटल्यानंतर, दुपारी तीन-चारच्या सुमाराला सर्वाधिक असतात.

आइसलँडची गोष्ट आता बरीच ठाऊक झाली आहे, तरी इथे ती सांगायलाच हवी. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारी मुले २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. देशाने यासाठी एकच जादूची कांडी फिरवली नाही. तंबाखू-दारूच्या विक्रीचे नियम कडक केले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहू नये असा कायदा केला, पालकांशी करार केले, दरवर्षी मुलांची पाहणी केली. आणि त्याच जोडीला खेळ, संगीत, नृत्य, कला यांच्या संघटित वर्गांसाठी सरकारी पैसा वाढवला. राजधानी रेक्याविकमध्ये तर प्रत्येक मुलाच्या नावाने पालिकेचे 'फुरसत कार्ड' निघाले. त्यातून कमी उत्पन्नाच्या घरातले मूलही फुटबॉल किंवा व्हायोलिनच्या वर्गाला जाऊ लागले. दारू नको, असे मुलांना सांगून तो देश थांबला नाही. दारूऐवजी काय, याची सोयही त्याने केली.

अभ्यासाचे काय?

आपल्याकडे पालकांची पहिली चिंता हीच असते. त्यामुळे रिकामा वेळ शिकवणीने भरला जातो. ग्रामीण भारतातील 'असर' पाहणीनुसार पहिली ते आठवीतल्या पैसे देऊन शिकवणी लावणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. म्हणजे शाळेनंतरच्या वेळेची गरज पालक ओळखतातच. फक्त ती बाजारातून विकत घ्यावी लागते आणि ज्याला परवडत नाही तो मागे राहतो.

याला सार्वजनिक पर्याय असू शकतो का, याचे उत्तर तमिळनाडूने दिले आहे. कोविडनंतर मुलांचा अभ्यास किती बुडाला होता, ते आपण सर्वांनी पाहिले. तमिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'इल्लम तेडि कल्वी', म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण, ही योजना सुरू केली. वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी, त्यात बहुसंख्य स्त्रिया, संध्याकाळी तास-दीड तास पहिली ते आठवीच्या मुलांना जमवून गोष्टी, खेळ, वाचन आणि गणित घ्यायचे. सरकारने त्यांना महिन्याला हजार रुपये मानधन दिले. सुमारे दोन लाख स्वयंसेवक या कामाला लागले.

अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या ग्रामीण मुलांचा माग ठेवून हिशेब मांडला. शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांत मुलांनी बुडालेल्या अभ्यासापैकी सुमारे दोन तृतीयांश भरून काढला. या भरपाईतला जवळपास चौथा हिस्सा, २४ टक्के, या सायंवर्गांच्या वाट्याचा होता. आणि लाभ गरीब घरांतल्या मुलांपर्यंत पोहोचला. संकटकाळातली ही तातडीची योजना होती, कायमची व्यवस्था नव्हे. पण सरकारी पैशाने, साध्या साधनांनी, आपल्यासारख्याच एका राज्यात हे होऊ शकते, एवढे तिने सिद्ध केले.

आईच्या पायातली बेडी

या विषयाची एक बाजू मुलांच्या पलीकडची आहे. चिली देशात सरकारने '४ ते ७' नावाचा कार्यक्रम सुरू केला. सरकारी शाळांच्या इमारतींतच, शाळा सुटल्यावर संध्याकाळी सातपर्यंत, ६ ते १३ वर्षांच्या मुलांना सांभाळायचे, अभ्यास घ्यायचा, खेळवायचे. लाभ कुणाला मिळणार हे काही ठिकाणी सोडतीने ठरवले, त्यामुळे तुलना चोख झाली. ज्या आयांना ही सोय देऊ केली गेली, त्यांच्यात कामावर जाणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्के-बिंदूंनी, म्हणजे मूळ प्रमाणाच्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. याहून बोलके निरीक्षण पुढचे आहे. मोठ्या मुलांची सोय झाली तेव्हा त्याच घरांतली धाकटी मुलेही सरकारी पाळणाघरात जाऊ लागली. थोरले कुठे ठेवायचे हा प्रश्न सुटेपर्यंत धाकट्याच्या पाळणाघराचा काही उपयोगच नव्हता.

आपल्याकडच्या आयांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बारा ते पाच या वेळेत मिळणारे काम किती जणींनी याच कारणाने सोडले असेल, ते त्यांनाच ठाऊक. आणि जिथे आई काम सोडू शकत नाही, तिथे थोरली मुलगी शाळा बुडवते.

नुसता पैसा ओतून भागत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल की वर्ग उघडले, दिवे लावले की काम झाले. तसे नाही, आणि हे सांगणे या मागणीच्या हिताचे आहे. अमेरिकेचा अनुभव त्यासाठी नीट पाहावा लागतो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने 'एकविसाव्या शतकातील सामुदायिक शिक्षण केंद्रे' या कार्यक्रमाला १९९८ मध्ये ४ कोटी डॉलर दिले. चार वर्षांत, २००२ पर्यंत, ही रक्कम १०० कोटींवर गेली. एवढ्या वेगाने वाढलेल्या योजनेचे मूल्यमापन झाले तेव्हा निष्कर्ष निराशाजनक निघाले. मुलांना केंद्रात सुरक्षित वाटत होते, पण गुणांमध्ये फारसा फरक नव्हता, आणि प्राथमिकच्या काही मुलांच्या वर्तनाच्या तक्रारी वाढल्या होत्या. हजेरीही तुटक होती. अनेक मुले आठवड्याचे एक-दोन दिवसच येत. २००३ मध्ये सरकारने या निष्कर्षांचा हवाला देऊन निधी १०० कोटींवरून ६० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. पालक, शिक्षक, पोलीस अधिकारी सगळे विरोधात उभे राहिले आणि संसदेने कपात मान्य केली नाही. त्यानंतरही हा निधी अनेकदा कुऱ्हाडीखाली आला. २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे १३० कोटी डॉलर काही आठवडे अडकवून ठेवले गेले. शेवटी सत्ताधारी पक्षाच्याच काही सिनेटरांनी पत्र लिहिल्यावर ते मोकळे झाले.

मग चुकले कुठे? याचे उत्तर २०१० मध्ये जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी ६८ अभ्यास एकत्र तपासून दिले. ज्या केंद्रांत मुलांना टप्प्याटप्प्याने शिकवले जाई, मुले स्वतः काही करत, त्यासाठी ठरावीक वेळ राखलेला असे आणि काय साधायचे हे स्पष्ट असे, तिथे मुलांचा आत्मविश्वास, वर्तन आणि अभ्यास सुधारला. जिथे यांतले काही नव्हते, तिथे लाभ दिसला नाही. थोडक्यात, मुलांना नुसते कोंडून बसवणे म्हणजे उपक्रम नव्हे.

कॅलिफोर्नियाने हा धडा कायद्यात लिहिला. २००२ मध्ये मतदारांनी थेट मतदान करून शाळेनंतरच्या कार्यक्रमांसाठी वर्षाला ५५ कोटी डॉलर राखून ठेवायला लावले. या मोहिमेचा चेहरा होता अर्नोल्ड श्वार्झनेगर, तेव्हा अजून नुसता अभिनेता. त्या योजनेत केंद्र संध्याकाळी किमान सहापर्यंत उघडे असावे, आठवड्याला किमान १५ तास चालावे, दर २० मुलांमागे एक प्रौढ असावा, अभ्यासाची मदत आणि इतर उपक्रम दोन्ही असावेत, अशा अटी आहेत. हे सगळे असूनही गरज आणि सोय यांत दरी आहेच. २०२० च्या एका देशव्यापी पाहणीत अमेरिकेतील ७८ लाख मुले अशा कार्यक्रमांत होती आणि सोय असती तर आणखी २ कोटी ४६ लाख मुले गेली असती, असे त्यांच्या पालकांनी सांगितले. एका मुलामागे तीन मुले दाराबाहेर.

आपल्या मातीतली परंपरा

ही कल्पना परकी आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. संध्याकाळी मैदानात मुले जमवून खेळ, गाणी, गोष्टी घेणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. १९८८ मध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' संस्थेने देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर सुरू केले, कारण त्या मुलांचा धोक्याचा वेळ रात्रीचा होता. त्याच वर्षी रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी 'डोअर स्टेप स्कूल'ची सुरुवात केली. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि बांधकामांवर त्यांच्या अभ्यासिका चालत आल्या आहेत. शाहीन मिस्त्री यांच्या 'आकांक्षा'चे कामही १९९०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत शाळेबाहेरच्या वेळेतले वर्ग म्हणूनच सुरू झाले.

या संस्थांनी वाट दाखवली. पण देणगीवर चालणारी संस्था शंभर वस्त्यांत पोहोचेल, हजार वस्त्यांत नाही. देणगी आटली की केंद्र बंद पडते आणि मूल पुन्हा उंबऱ्यावर बसते. लस देण्याचे काम आपण देणगीदारांवर सोडले नाही. शाळेतले जेवणही सोडले नाही. हेही सोडू नये.

खर्चाचा अंदाज बांधणे अवघड नाही. समजा, एका शाळेत ६० मुलांचे केंद्र आहे आणि २० मुलांमागे एक याप्रमाणे तीन कार्यकर्त्या आहेत. अर्ध्या दिवसाच्या कामाचे मानधन प्रत्येकी ८,००० रुपये धरले तर महिन्याला २४,००० होतात. रोज मुलामागे १५ रुपयांचा खाऊ, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १९,८००. खेळाचे साहित्य, पुस्तके, वीज, साफसफाई यांना ६,२०० ठेवू. एकूण ५०,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे महिन्याला सुमारे ८३३ रुपये. आकडे स्थानिक परिस्थितीनुसार वरखाली होतील. पण यातला सर्वांत महागडा भाग आपण आधीच बांधलेला आहे, तो म्हणजे इमारत, मैदान, नळ आणि स्वच्छतागृह. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि ग्रंथालय असायलाच हवे. शाळा सुटली की त्याला कुलूप लागते, एवढेच.

काही रास्त शंका

मुलांना आणखी शाळा कशाला, हा पहिला आक्षेप. तो बरोबर आहे, म्हणूनच ही शाळा असू नये. पहिला अर्धा तास खाऊ आणि गप्पा, मग तासभर मोकळ्यावर खेळ, मग अभ्यासाला मदत आणि वाचन, शेवटी गाणे, चित्र, हस्तकला. काहीच न करता बसायची मुभाही हवी.

शिक्षकांवर आणखी भार पडेल, हा दुसरा. हे काम शिक्षकांना देऊच नये. वस्तीतल्या बारावी-पदवीधर मुली, शारीरिक शिक्षणाची आवड असलेले तरुण यांना प्रशिक्षण देऊन नेमावे आणि वेळेवर मानधन द्यावे. स्वयंसेवेच्या नावाखाली स्त्रियांना फुकट राबवणे हा आपला जुना रोग आहे, तो इथे आणू नये.

सुरक्षेचे काय, हा तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, एकाच वेळी किमान दोन प्रौढांची उपस्थिती, मुलाला कोण घेऊन जाणार याची नोंद आणि 'पॉक्सो' कायद्याची माहिती या अटींशिवाय एकही केंद्र उघडू नये.

राहिला शेवटचा आक्षेप: मूल सांभाळणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे, सरकारची नाही. खरे आहे. पण आईबापांना दिवसाचे आठ तास काम आणि दोन तास प्रवास करायला लावणारी अर्थव्यवस्था एकट्या कुटुंबाने उभी केलेली नाही. तिचा फायदा सर्वांना होतो. तिचा भार फक्त सात वर्षांच्या पोराने का उचलावा?

सुरुवात कुठून?

राज्यभर एका फटक्यात योजना जाहीर करण्याची घाई नको. अमेरिकेने तीच चूक केली. आधी काही शहरांतल्या पालिका शाळा, काही ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या आणि काही औद्योगिक वसाहतींजवळच्या जिल्हा परिषद शाळा निवडाव्यात. मुलांची उंची-वजन, दृष्टी, हजेरी, वाचन आणि आईचे काम यांची नोंद आधी आणि नंतर घ्यावी. जे चालते ते वाढवावे, चालत नाही ते सुधारावे.

आणि वाचकांपैकी जे पालक आहेत, त्यांच्या हातात एक साधन आजच आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार या समितीचा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कुठे जातो हे ग्रामसभेत विचारता येते. पुढच्या बैठकीत एकच ठराव मांडून पाहा: शाळा सुटल्यावर आपल्या शाळेचे दोन वर्ग आणि मैदान संध्याकाळी सहापर्यंत मुलांसाठी उघडे राहील, आणि त्यासाठी लागणाऱ्या मानधनाची व खाऊची तरतूद शासनाने करावी. असा ठराव एका गावातून गेला तर तो फाइलमध्ये पडून राहील. शंभर गावांतून गेला, तर अर्थसंकल्पाच्या चर्चेत त्याला उत्तर द्यावे लागेल.